पुढचा ब्रेक

“ही सायकल चालवतं कोण?” ब्रेकची झिजलेली रबरं तळहातावर घेऊन दुकानदाराने विचारलं.

“आमचे अण्णा. सकाळी मैदानाला चार फेऱ्या मारतात,” कावेरी म्हणाली.

दुकानदार हसला. मागची रबरं नव्यासारखी होती. पुढची मात्र पार पत्र्यापर्यंत खरवडली होती. “फेऱ्यांनी असं होत नाही, ताई. ही सायकल यवतेश्वरचा घाट उतरतेय, तेही सुसाट. उतारावर सगळी मदार पुढच्या ब्रेकवर.”

कावेरी ती रबरं उलटसुलट करून बघत राहिली. ‘पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, तोंडावर आपटशील,’ असं अण्णांनी तिला लहानपणी इतक्यांदा बजावलं होतं, की आजही तिचा उजवा हात त्या ब्रेकपासून लांबच असायचा.

“साधी देऊ? वर्षभर टिकतील. ही मऊवाली लवकर झिजतात, पण घाटात घट्ट धरतात.”

“मऊ द्या,” ती म्हणाली.

घरी अण्णांनी चाक फिरवून ब्रेक दाबून पाहिला. चाक जागच्या जागी थांबलं. त्यांनी चोरट्या नजरेने तिच्याकडे पाहिलं. “आईला सांगितलंस?”

“नाही. रविवारी मला सोबत नेलंत तर सांगणारही नाही.”

अण्णा उगाच टायर चाचपत बसले. मग उठले, कोपऱ्यातली तिची सायकल बाहेर ओढली आणि तिचा उजवा हात धरून पुढच्या ब्रेकवर ठेवला.

“हळूहळू दाब,” ते म्हणाले. “नाही आपटत कुणी.”