जोडलेलं यकृत

कीर्तन ऐन रंगात आलं आणि वेणूताईंच्या अंगात गोड गुंगी चढली.

सतीशचं यकृत निकामी झाल्यापासून मायलेकांच्या पोटात जोडयंत्र बसवलं होतं. तो कुठंही असो, त्याच्या रक्तातलं सगळं त्यांच्या यकृतात उतरायचं. त्याने व्यसन सोडवणारी गोळी घेतली, की तिची कडू चव त्यांच्या जिभेवर यायची. त्यांना ती तीर्थासारखी वाटे. आजची चव ती नव्हती.

"पुन्हा नशा केली तर जोड काढणार," डॉक्टरांनी बजावलं होतं. जोड काढला, की पोरगा गेलाच.

डोलणाऱ्या ताईंच्या पायांवर शेजारची शेवंता वाकली. "भाग्याच्या हो तुम्ही! आम्ही आपले नुसते टाळ कुटतो. देव दिसला ना, ताई?"

देवळात कधी खोटं न बोललेल्या वेणूताईंनी डोळे मिटले.

"दिसला गं बाई."