पट्टीवरचा अंगठा

पट्टी उजळली आणि बाईंनी ती डोळ्यांजवळ धरली. कडांचा काळोख चांगलाच आत सरकला होता.

कागदासारखी वाकणारी, हिरव्या उजेडाची प्लास्टिकची पट्टी. अशा पट्ट्यांना हवा सोसत नाही, दमटपणा तर मुळीच नाही. जरा शिरकाव झाला की काळे डाग पडतात आणि पसरत जातात. तो शिरकाव अडवण्यात बाईंची सगळी नोकरी गेली. आज नोकरीचा शेवटचा दिवस. खण आवरताना ही जुनी पट्टी हाताला लागली.

हिच्या मधोमध एक काळा अंगठा होता. रेघ न् रेघ स्पष्ट, जुन्या वणासकट. बाईंचा नवरा याच प्रयोगशाळेत पंप दुरुस्त करायचा. हात भारी शिवशिवायचे त्याचे. एकदा ओल अडवणारं आवरण बसायच्या आधीच, हातमोजे न घालता, त्यानं पट्टी चाचपून पाहिली. वरून आवरण बसलं, घाम आतच राहिला, आणि काही दिवसांनी पट्टी लावली तर हा ठसा! बाईंनी त्याला असं फैलावर घेतलं की बाहेरची माणसं चिडीचूप झाली. तो आपला हसतोय. म्हणाला, "असू दे की. सही केलीय मी."

किती भांडल्या होत्या त्या दिवशी. आता भांडायलाही माणूस उरला नव्हता.

त्यांना न्यायला आलेली लेक वाकून बघत होती. बाबा गेले तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती. तिनं हळूच आपला अंगठा त्या काळ्या अंगठ्याशेजारी धरला आणि तसाच ठेवला. कडेचा काळोख तिथवर पोचायला फार वेळ नव्हता. मग काळ्यात काळा अंगठा कुठला दिसायला?

बाईंनी पट्टी विझवली, हवाबंद पेटीत सरकवली आणि पेटीला जोडलेल्या लांब हातमोज्यांत हात घातले. नव्या आवरणाचा एकच तुकडा शिल्लक होता. तो त्यांनी पट्टीवर चढवला. कडा नीट दाबल्या. पट्टी पुन्हा उजळली. अंगठा जागच्या जागी होता.

"बाहेरचा ओलावा आत जाऊ नये म्हणून ना, आई?" लेकीनं विचारलं.

बाईंनी हात बाहेर काढले आणि डोळे पुसले.

"आजवर त्यासाठीच करत आले गं. हे मात्र आतला बाहेर जाऊ नये म्हणून."