बाबांचा बंगला

"बाबांना असा बंगला अख्ख्या पिनांगमध्ये कुणी पाठवला नसेल!" देवळाच्या अंगणात खेंग हुआतची छाती फुगली होती. तीन मजले, दारात गाडी, दोन नोकर. सगळं कागदाचं, पण जाळलं की वर गेलेल्या म्हाताऱ्या बापाला खरंखुरं मिळणार. चीनहून बोटीनं आलेला म्हातारा जन्मभर दुकानाच्या माळ्यावर झोपला होता.

मेलबर्नला जाऊन राहिलेल्या धाकट्या सू लिपनं नुसत्या कागदी चपला आणल्या होत्या, वर बापाचं नाव लिहून.

"विमानानं आलास आणि बापाला चपला? लाज वाटते का रे?"

"जिवंतपणी खोली दिली नाहीस दादा, आता बंगला देतोस?"

"गप्प बस, पळपुट्या!"

सू लिप बंगल्याच्या दारावरची चिठ्ठी वाचायला वाकला. वरची मोठी चौकट घेणाऱ्याच्या नावाची, खालची बारकी पाठवणाऱ्याच्या नावाची. दादानं मोठ्या चौकटीत सोनेरी शाईनं स्वतःचं नाव ठोकलं होतं. बाप खाली कोपऱ्यात.

सू लिपनं खिशातून काडेपेटी काढली. "पेटव दादा. उशीर नको."

दहा मिनिटांत तिन्ही मजले वर पोचले. तिथं खेंग हुआतचा बंगला आता तयार आहे. बाबांना चपला मिळाल्या.