उलट्या वेढ्यांचे शंख

जुन्या समुद्रसफरींच्या ग्रंथांतली जलचरांची छापील चित्रं आम्ही दोघी बहिणी साफ करतो. टेबलं समोरासमोर. कौतुक मात्र नेहमी धाकटीच्याच टेबलावर.

काल शंखांचं चित्र हातात घेताक्षणी ती म्हणाली, "यातले सगळे वेढे उलटे आहेत. कोरणाऱ्यानं तांब्याच्या पत्र्यावर जसंच्या तसं कोरलं, म्हणून कागदावर उलटं उमटलं."

"नजर असावी तर अशी!" मालक म्हणाले.

तेच चित्र आधी चार दिवस माझ्याकडे होतं. माझ्या पोटात असं दुखलं की जेवण गेलं नाही. 'तिच्या जागी मी का नाही,' एवढंच दिवसभर घोकत राहिले.

आज ती डबा खायला गेली तशी मी ते चित्र उचललं. वेढे तर सगळे सुलटे! मला इतका आनंद झाला की मी मालकांना ओरडूनच हाक मारली.

"बघा तुमच्या लाडकीची नजर!"

मालकांनी कपाटातला खरा शंख काढून चित्राशेजारी ठेवला. "अहो, चित्रातले उलटेच आहेत."

"मग तुमचा शंखच उलटा असेल," मी म्हणाले.

मालकांनी शंख हातात फिरवून पाहिला. धाकटी दारात येऊन उभी होती. माझ्याकडे बघता बघता तिचा चेहरा पांढरा पडला.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तुझा तीळ डाव्या गालावर होता ना?"

मी हसले. हसता हसता हात छातीवर गेला.

धडधड उजवीकडे होती.