तीनशे बारा चुका

"स्वतःची चूक स्वतःच्या भाषेत ऐकून घेणं हा माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे!" रेल्वेतून रिटायर झालेल्या दयारामजींनी हिंदी मुलखातल्या गुढियारीच्या घरात जाहीर केलं.

"तो हक्क तर तुमाले घरी तीस वर्षांपासून भेटून राहिला," शांताबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

विषय लेकीचा होता. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या साक्षीने फोटो नीट लावून ठेवणारा एक प्रोग्राम सी भाषेत लिहिला होता, काळ्या स्क्रीनवर हुकूम टाइप करून चालवायचा. काही बिघडलं की दिसणारे त्यातले तीनशे बारा संदेश तिने एका फाइलमध्ये काढून बापाला पाठवले. "मराठी आप कर दो, बाबा. अब आपको कोई अंग्रेज़ी में नहीं डाँटेगा."

दयारामजी तीन महिने खपले. एकेक वाक्य शांताबाईंना वाचून दाखवलं. त्यांना एखादं कळलं नाही, की ते खोडून नवं लिहिलं.

मराठी प्रोग्राम हाती आला त्या सकाळी त्यांनी तो लग्नाच्या फोटोंवर चालवला, आणि तो अडला. स्क्रीनवर त्यांचंच वाक्य उमटलं: "हा फोल्डर उघडत नाही. कुलूप कोणी लावलं ते बघा."

दयारामजींचे डोळे भरून आले. "पाह्य वं, मले मराठीत रागावून राहिला!" त्यांनी स्क्रीनचा फोटो काढून लेकीला धाडला.

लगेच उत्तर आलं.

 

"कहाँ अटका, ये ढूँढना पड़ेगा, और कोड में तो अंग्रेज़ी वाला मैसेज ही मिलेगा. मराठी बंद करके एक बार फिर से चलाओ ना, बाबा."