पेत्रसची दाढी

“पेत्रस! ओ पेत्रस! दाढी झाली बरं का तुझी!”

फादर रविकिरण फाटकातूनच ओरडत आले. हातात अंबाडीच्या वाखाची लांबलचक पांढरी दाढी. आणि अंगणात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, जात पडताळणीचे साहेब बशीने चहा पीत बसलेले!

तनुजा चहाची किटली घेऊन दारातच थांबली. इतका वेळ सगळं किती नीट चाललं होतं. भिंतीवरचा क्रूस आईने पहाटेच ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवला होता. त्या जागी आता कॅलेंडर होतं. तनुजाला नांदेडला नर्सिंगची सीट लागली होती, मातंग समाजाच्या राखीव जागेवर. घरचे कागद हिंदू मातंग म्हणायचे. घर मात्र आजीच्या काळापासून दर रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जायचं. ख्रिश्चनाला ती राखीव जागा मिळत नाही; साहेबांनी अहवालात तेवढा एक शब्द लिहिला की सीट गेली.

“पेत्रस कोण?” साहेबांनी बशी खाली ठेवली.

“म्हाईत न्हाई, साहेब,” तनुजाचे वडील म्हणाले. वडिलांना ती दादा म्हणायची. कागदावर ते केरबा होते. पेत्रस हे त्यांचं बाप्तिस्म्याचं नाव.

“आणि ह्यांना ओळखता?”

दादांनी फादरांकडे पाहिलं. दादांना डेंगू झाला तेव्हा ह्याच माणसाने त्यांना मोटारसायकलवर बसवून, स्वतःच्या पोटाला उपरण्याने बांधून, देगलूरच्या दवाखान्यात नेलं होतं.

“न्हाई. कधी बघितलं बी न्हाई.”

फादर जागच्या जागी थांबले. दाढी हळूच पाठीमागे गेली. “माफ करा हं, घर चुकलं माझं,” ते म्हणाले, आणि वळले. घर चुकलेला माणूस इतक्या सावकाश चालत नाही.

साहेबांनी मग तनुजाकडे मोर्चा वळवला. “बाळ, तू शिकलेली आहेस. तूच सांग. तुझ्या आजीला जाळलं का पुरलं?”

आजी चर्चच्या मागे झोपली होती. तिथल्या सिमेंटच्या क्रुसावर ‘नागुबाई’ ही अक्षरं तनुजानेच निळ्या रंगाने रंगवली होती. नर्स हो म्हणून पहिल्यांदा म्हणाली होती ती आजीच.

“जाळलं,” तनुजा म्हणाली. जराही अडखळली नाही.

“छान. होईल तुमचं काम.” साहेब उठले. देगलूरची गाडी संध्याकाळशिवाय नव्हती, म्हणून रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जाऊन बसले.

काम होणार होतं. तरी घरात कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना.

त्या दिवशी संत पेत्राचा सण होता. पेत्र हा ह्या चर्चचा आश्रयदाता संत. येशूचा सगळ्यात जवळचा शिष्य, आणि येशूला पकडून नेल्यावर शेकोटीपाशी तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणणारा. मग कोंबडा आरवला, आणि पेत्र ढसाढसा रडला. त्याच रडणाऱ्या माणसाच्या हाती येशूने पुढे आपली माणसं सोपवली. सणाच्या जेवणाआधी दरवर्षी हे नाटक व्हायचं. पेत्र म्हणजे दादा, त्याला प्रश्न विचारणारी दासी तनुजा, आणि कोंबडा म्हणजे सत्तरीची धोंडाबाई. ती पडद्यामागून असली फर्मास आरवायची की गावातले खरे कोंबडे जबाब द्यायचे!

“दादा, आज नका ना जाऊ. साहेब समोरच बसलेत.”

“सोंगाला कोन इचारतं गं? दाढी लावल्यावर वळखू बी येत न्हाई मी,” दादा म्हणाले.

मांडव भरला. काटक्यांखाली लाल बल्ब लावून शेकोटी केली होती. तनुजाने माईकपाशी येऊन पहिला प्रश्न विचारला. “तू पण त्याच्यासोबत होतास ना?”

“मी त्या माणसाला ओळखत नाही.”

तालमीत दादा इथे फिस्सकन हसायचे, दरवेळी. आज हसले नाहीत. पुढच्या रांगेत फादर मान खाली घालून बसले होते.

“खरं सांग, होतास ना?”

“न्हाई. कधी बघितलं बी न्हाई.”

हे वाक्य नाटकात नव्हतं.

आता तिसरा प्रश्न. तनुजाने तोंड उघडलं आणि तशीच राहिली. भोंग्याचा आवाज रस्त्यापलीकडे जात होता. साहेब हॉटेलाच्या पायरीवर उभे राहून इकडेच बघत होते. शेकोटीच्या पलीकडे दादा. त्यांची दाढी गालापाशी भिजली होती. आणि सकाळी साहेबांनी तिसरा प्रश्न दादांना नव्हता विचारला, तिला विचारला होता.

ती पुढे झाली. दादांच्या कानामागची दोरी सोडली, दाढी काढली आणि स्वतःच्या तोंडाला बांधली. मांडव खदखदून हसला.

“तिसऱ्या खेपेला मला विचारा, दादा.”

“येडी झालीस का? सीट जाईल तुझी!”

माईक चालूच होता. हसणं एकदम बंद झालं.

“विचारा तुम्ही.”

दादा माईककडे वळले. “तू… तू बी त्याच्यासंगं होतीस का?”

“हाव,” तनुजा म्हणाली. “मी बी होते, आन् माझी आजी बी. हितंच चर्चमागं पुरलंय तिला.”

रस्त्यावर देगलूरची गाडी येऊन थांबली. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. साहेब चढले नाहीत.

शेवटी पडद्याला पडलेल्या एका भोकाला धोंडाबाईने डोळा लावला.

“ओ फादर,” ती म्हणाली, “मग म्या आता आरवू का नको?”