सहावा बिल्ला

बटणावरचा दिवा हिरवा झाला, तरी काकांनी किल्ली फिरवली नाही.

"पाचच बिल्ले आहेत, ताई," ते म्हणाले. "एक कमी भरतोय."

आर्किटेक्टबाईचा जीव टांगणीला लागला. बाहेर काचेसमोर तीनशे माणसं ताटकळत उभी होती. पहिल्या रांगेत अध्यक्ष होते आणि ते घड्याळाकडे बघत होते. वाघीण दहाला नव्या घरात येणार, असं फलकावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं. दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

तीन वर्षं तिने या प्राणिसंग्रहालयाचं रूप पालटण्यात घालवली होती. लोकांची तक्रार एकच असायची : एवढी पायपीट करून आलो आणि वाघीण दिसलीच नाही. म्हणून तिने गज काढले, जमिनीपासून छतापर्यंत काच लावली, सिमेंटचा खडक उभारला, त्यावरून धबधबा सोडला. बाकावर बसा नाहीतर उभे राहा, वाघीण समोर दिसणारच. "आज जमलं तर हत्ती आणि अस्वलंही तुमच्याकडे," अध्यक्ष काल म्हणाले होते. "नाहीतर नमस्कार." इतकं गोड हसून समोरच्याची नोकरी घालवणारी माणसं फार थोडी असतात.

वाघिणीच्या कोठडीतून नव्या घरात उघडणारं दार काकांची किल्ली आणि बाईचं बटण मिळूनच उघडायचं. काका तिथले सगळ्यात जुने रखवालदार. बिल्ल्यांची फळी त्यांचीच. सहा खिळे, सहा पितळी बिल्ले. वाघिणीच्या घरात जाताना एक खिशात टाकायचा, बाहेर आलं की परत टांगायचा. सहाच्या सहा डोळ्यांनी दिसल्याशिवाय वाघीण सोडायची नाही. हा नियम कुठल्या पुस्तकातला नव्हता. काकांचा थोरला भाऊ आत झाडत असताना कुणीतरी दार उघडलं होतं. तेराव्या दिवशी काकांनी ही फळी ठोकली. बाईच्या या चकचकीत कंट्रोल रूममध्ये ती अगदीच गावठी दिसायची, म्हणून बाईने ती दाराआड सरकवली होती.

"काका, माणसांचं आतबाहेर करायचं दार बंद आहे. पॅनेल हिरवं आहे. अजून काय हवं?"

"पॅनेलला दार कळतं, ताई. माणूस कळत नाही."

झाडूवाली आली, वायरमन आला, डॉक्टरही आले. प्रत्येकाने आपापला बिल्ला परत केल्याचं शपथेवर सांगितलं. अध्यक्षांचा तिसऱ्यांदा फोन आला. तिने तो घेतला नाही. तिला काकांचा राग आला होता, आणि इतक्या सरळ माणसाचा राग येतोय म्हणून स्वतःचाही. कोठडीत वाघीण येरझाऱ्या घालत होती. दाराच्या पत्र्याला तिचं अंग घासल्याचा आवाज येत होता.

"मी आत जाऊन बघून येतो," काका म्हणाले आणि उठले.

घाम पुसायला तिने पर्समध्ये हात घातला. रुमालाबरोबर बिल्लाही हाताला लागला.

मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. सकाळी तीच आत गेली होती. खडक कोरा सिमेंटचा दिसतो, असं अध्यक्षांनी काल नाक मुरडून सांगितलं होतं, तेच बघायला. येताना फोन वाजला आणि बिल्ला पर्समध्येच राहिला.

"चोर घरातच होता म्हणायचा," डॉक्टर हसले. सगळेच हसले. काकाही हसले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांचे खांदे सैल पडले. तिने बिल्ला सहाव्या खिळ्याला टांगला. काकांनी मोजले, पुन्हा मोजले आणि किल्ली फिरवली.

"हं, दाबा आता."

तिने बटणावर बोट ठेवलं. अंगठ्याला तपकिरी रंग लागलेला दिसला. बिल्ल्याचाच असणार. सकाळी तिने बरोबर नेलेल्या रंगाऱ्याने तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला होता. "मला नाही का एक?" त्याने विचारलं होतं. "दोघांत एक पुरे," ती म्हणाली होती. "समोरून तेवढा हात मार, अर्ध्या तासाचं काम आहे." आणि फोनवर बोलत बोलत ती एकटीच बाहेर आली होती.

"काका, किल्ली काढा!"

तिचा आवाज इतका चिरका आला की काकांनी काही न विचारता किल्ली उपसली. ती धावत सुटली. दार ढकलून तिने आत हाक मारली, पण धबधब्यापुढे तिला स्वतःचीच हाक ऐकू येईना. मागून काकांनी पंप बंद केला. पाणी थांबलं.

खडकामागून, वाघिणीच्या दाराच्या अगदी तोंडाशी बसलेला रंगारी ब्रश हातात घेऊन उठला. तोंडभर हसत होता.

"ताई, मागची बाजूपण रंगवून टाकली. लोकांना नाही दिसत, पण वाघीण दारातून आली की तिला पहिली हीच दिसणार ना!"